विडा तोडण्यापुरते दात

लोक यायच्या आत तुमच्या तोंडात दात बसवले ते मी. भाऊजी सामान आणायला बाजारात गेले होते, सासूबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मथू परसात पाण्याच्या डोणीपाशी तोंड धूत होती. धूत कसली, रडणं लपवत होती. कोनाड्यातल्या पितळी वाटीत तुमची कवळी पाण्यात पडलेली होती. मी ती उचलली, पदराला पुसली, आधी खालची बसवली आणि मग वरची. अठरा वर्षांच्या संसारात तुमचे दात मी हातात घेतले ते त्या दुपारी पहिल्यांदा. जिवंतपणी तुम्ही त्या वाटीलासुद्धा हात लावू दिला नाहीत.

मग आळी लोटली. बायका म्हणाल्या, "चेहरा किती शांत दिसतो हो, निजल्यासारखा." मी मनात म्हटलं, दिसेल नाहीतर काय.

परवा तुमचं तिसरं मासिक श्राद्ध झालं. त्याच्या आधल्या महिन्यात घरात जे घडलं ते तुमच्या कानावर दुसरं कुणी घालणार नाही, म्हणून मी घालते आहे. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाई बोलतात, पण ते लिहिण्यासारखं नाही. शिवाय तुमच्याशी माझं भांडण अर्धवट राहिलं आहे. ते मधेच टाकून तुम्ही गेलात. तशी तुमची रीतच होती म्हणा, माझा आवाज चढला की तुम्ही टोपी डोक्यावर ठेवायची आणि कचेरीचा रस्ता धरायचा, मग कचेरीला सुट्टी का असेना.

म्हातारपणी दात पडतात, माणूस कवळी बसवतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुमचे दात पडलेले नव्हते, ते आलेच नव्हते. टोकेरी चार, दोन वर आणि दोन खाली, एवढेच देवानं दिले होते. बाकीच्या हिरड्या तान्ह्या मुलासारख्या. मामंजींचंही तसंच होतं. त्यांचे दात ऐन तारुण्यात विषमज्वरानं पडले असं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं. म्हणजे गोष्ट पिढीजात, घरात सगळ्यांना ठाऊक. सून म्हणून जिला आणायची तिला आणि तिच्या बापाला सांगायची तेवढी राहून गेली.

आमच्या लग्नात विडा तोडायचा खेळ झाला, तो तुम्हाला आठवत असणारच. नवरीनं विडा दातांत धरायचा आणि नवऱ्यानं हात न लावता दातांनी त्याचा अर्धा तोडून घ्यायचा. गुहागरला आमच्या खळ्यात मांडव घातला होता, भोवती बायकांचं खिदळणं चाललेलं. मला मान वर करवत नव्हती. तुम्ही वाकलात आणि एका झटक्यात विडा तोडलात. "जावई हौशी आहे हो!" माझी आत्या ओरडली आणि हशा पिकला. तुम्ही लगेच उपरणं तोंडाला लावलंत. सगळ्यांना वाटलं लाजलात. मलाही तसंच वाटलं, आणि त्या लाजण्यामुळेच तुम्ही मला आवडलात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगावं असं पुढे तुम्ही काही ठेवलंच नाहीत.

रत्नागिरीला नांदायला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं, "त्याचं सोवळं कडक आहे हो. जेवताना त्यास कुणाची नजरसुद्धा चालत नाही. तू पान वाढ, दार ओढून घे नि हो बाजूला." मी भटाभिक्षुकांच्या घरातली, मला सोवळ्याचं नवल नव्हतं. पण कचेरीतला कारकून, जो बाहेर बाकावर कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसतो, तो घरात येऊन बायकोसमोर घास घेत नाही, हे कसलं सोवळं ते मला कळेना. मग मीच त्याचा अर्थ लावला. माझ्यातच काही उणं असणार, माझ्या हातचं यांना चालत नसणार. भर पौषात मी ओलेत्यानं स्वयंपाक करायला लागले. दोनदा आंघोळ करायची, चुलीपाशी कुडकुडायची आणि पान वाढून दाराबाहेर उभी राहायची. आतून भुरके तेवढे ऐकू यायचे. बाकी बायकांचे नवरे चव सांगत, निदान नावं तरी ठेवत. मला आमटी खारट झाली की नाही हेसुद्धा दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून कळायचं. भाकरी तुमच्या पानातून जशीच्या तशी परत यायची. वालाची उसळ मी जीव ओतून करायची, तीही परत. "भात गुरगुट्या कर गो, तसाच सोसतो त्यास," सासूबाई म्हणायच्या, आणि मी समजायची की तुमचं पोट नाजूक आहे.

तुम्ही दाराआड दात काढून ठेवून जेवत होतात. त्या दातांनी चावता येत नव्हतं. बोलता येत होतं आणि फोटो काढता येत होता. तुमच्या सोवळ्यापायी मी एक अख्खा हिवाळा खोकले, आणि तुम्ही खोकल्याचा काढा आणून दिलात. काढा आणून दिलात, पण ओलेत्यानं करू नको एवढं काही तुमच्या तोंडून निघालं नाही.

पुढे मथू झाली. वर्ष झालं, दीड झालं, दात नाही. दुसरं सरताना चार आले, टोकेरी. सासूबाईंनी ते बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि ओटीवर बसलेल्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे नाही हो असलं कुणाचं. गुहागरकडच्या घराण्यात असणार काहीतरी. लग्नाच्या वेळी लपवलं मेल्यांनी." मी मंगळवार धरले, मीठ सोडलं, कुणी सांगितलं म्हणून एका देवऋष्याचा अंगारासुद्धा पोरीच्या हिरड्यांना चोळला. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत.

आणि नाना आले. माझे वडील. त्यांच्या कानावर ही बोलणी गुहागरपर्यंत गेली होती. सुपारीच्या बागेत जन्म गेलेला माणूस, साठीतही अख्खी सुपारी दाढेखाली धरून कटकन फोडायचे. आले ते पाय धुवायच्या आधी ओटीवर सासूबाईंसमोर उभे राहिले आणि आ वासला.

"विहीणबाई, हे बघा. बत्तीसच्या बत्तीस आहेत. मोजून घ्या."

सासूबाईंनी पदर सावरला. "तुमचे असतील हो. तुमच्या आज्या-पणज्यांचे कुणी मोजलेत?"

नानांचं तोंड तसंच उघडं राहिलं. तुम्ही तिथेच झोपाळ्यावर होतात. तुमच्या हातात वर्तमानपत्र होतं, ते तुम्ही आणखी वर धरलंत, टोपीपर्यंत. झोपाळ्याची एक कडी करकरत होती, ती तेवढी थांबली. नाना जेवायला न थांबता परत गेले. मग ते गावोगावच्या भाऊबंदांना विचारत सुटले, आपल्या घराण्यात कुणाला दात नव्हते का म्हणून. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं की त्यांच्या एका चुलत आजीला नव्हते. नातीचं वाटोळं आपल्या रक्तानं केलं ही टोचणी घेऊन ते गेले. याची माफी तुम्ही माझ्याकडे मागितलीत का? नाही. मी दिली असती का? तेही नाही.

मला कळलं ते तुमच्या चुकीनं नव्हे, दाराच्या चुकीनं. पावसात लाकूड फुगलं होतं, कडी बसत नव्हती. मथू तेव्हा घरभर धावायला लागलेली. ती दिसेना म्हणून मी शोधत आले आणि जेवणघराचं दार ढकललं. तुम्ही पाटावर बसला होतात. पानाशेजारी पितळी वाटी, तिच्यात दात. मांडीवर मथू. तुम्ही दूधभात बोटांनी कालवून एक घास तिला देत होतात आणि एक स्वतः घेत होतात. दोघांचा खालचा ओठ सारखाच आत गेलेला, दोघांची हनुवटी सारखीच वर येत होती. मथू मला बघून हसली. तुम्ही हात तोंडावर नेलात.

"कुणाच्या घराण्यातलं आहे हो हे?" मी विचारलं.

दातांशिवाय तुम्हाला नीट बोलता येत नव्हतं. तरी तुम्ही बोललात. "आईस काही बोलू नकोस," म्हणालात. तुमच्या खऱ्या तोंडातून माझ्यासाठी निघालेलं पहिलं वाक्य ते. त्यात मी नव्हते, नाना नव्हते, मथूसुद्धा नव्हती.

त्या दिवशी मी माहेरी निघून जायला हवं होतं. गेले नाही. लोक म्हणतात, सहनशील बाई. कसली सहनशील! पावसाळ्यात आगबोट बंद असते, आणि खाड्या ओलांडत जायचं तर कडेवर पोर. बोटी सुरू होईपर्यंत माझा राग शिळा झाला. शिळा झाला म्हणजे संपला असं मात्र नाही हो. शिळं माणूस टाकत नाही, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खातं.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची लिहिते, कारण ती खरी आहे. मथूला पाचवं लागलं तेव्हा तुम्ही रजा काढलीत आणि आम्हा दोघींना घेऊन मुंबईला गेलात. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांचं नाव तुम्ही कुठून तरी काढलं होतं. त्यांनी मथूला खुर्चीत बसवलं, आरशानं तोंड बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, "एवढ्या पोरीला कवळी कोण बसवतं? जबडा वाढायचा आहे. मोठी झाली की आणा."

"वाढेल तशी दुसरी करा," तुम्ही म्हणालात. "दर वेळी मी घेऊन येईन. तिला शाळेत घालायची आहे, आणि चार पोरांत बसून तिनं डबा खाल्ला पाहिजे."

इतकं ठासून बोलताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनीही बहुधा असा बाप पाहिला नव्हता. त्यांनी साचा घ्यायला घेतला. मथूच्या तोंडात तो लगदा भरला तेव्हा ती ओकारी येऊन रडली, तर तुम्ही खुर्चीशेजारी गुडघे टेकून तिच्याबरोबर नाकानं श्वास घेत राहिलात. "नाकानं गो बाय, माझ्यासारखा, नाकानं." ते मी विसरलेली नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मला आजही पाठ आहे. ज्याचे दात असून पडतात त्याच्या हिरडीला शेताच्या बांधासारखा उंचवटा राहतो, कवळी त्यावर बसते. जिथे दात कधी आलेच नाहीत तिथे तो बांधच धरत नाही, मग कवळी बसणार कशावर? म्हणून मथूचे ते टोकेरी चार दात लाखमोलाचे. "हे कुणाला काढू देऊ नका," ते म्हणाले. "दिसायला कसे का असेनात, कवळीला धरायला हेच खुंट आहेत." मग त्यांनी तुमच्या तोंडात बघितलं. "तुम्हालाही असेच चार असणार. ते कुठे गेले?"

"काढले."

"कुणी काढले? आणि कशाला?"

तुम्ही वर पंख्याकडे बघत राहिलात.

परतीच्या बोटीवर उन्हं उतरताना तुम्ही ते सांगितलंत. मथू माझ्या मांडीवर झोपली होती, तुम्ही कठड्याला धरून उभे होतात, माझ्याकडे पाठ करून. लग्न ठरलं तेव्हा हातात महिनाभर होता. तुम्ही मुंबईत कुणा दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलात. त्याला सांगितलंत, चावता नाही आलं तरी चालेल, विडा तोडता आला पाहिजे. तो म्हणाला, हे टोकेरी दात मधे येतात, काढून टाकले तर कवळी सुंदर दिसेल. तुम्ही म्हणालात, काढा. उभ्या आयुष्याची चावायची सोय तुम्ही एका विड्यासाठी उपटून दिलीत, आणि तोही अर्धा विडा.

"आणि नंतर जेवायचं कसं ठरवलं होतंत?" मी विचारलं.

"ते आई बघेन म्हणाली."

मला हसू फुटलं. खरं सांगते, पोटातून हसू आलं, आणि मग डोळ्याला पदर लावावा लागला. तुम्ही तरीही वळलात नाही. त्या वेळी तुम्ही वळला असतात, एवढंच म्हणाला असतात की चुकलं, नानांच्या बाबतीतही चुकलं माझं, तर मी पुढे इतकी आंबट झाले नसते. तुम्ही म्हणालात, "जयगड आलं."

मथूचे दात मात्र तुम्ही जिवापाड सांभाळलेत. कवळीचं रबर टोचून हिरडी सोलली की पडवीत उजेडाला बसून बारीक कानशीनं तेवढीच जागा घासायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. तिला चावायला तुम्ही शिकवलंत. समोरच्या दातांनी तोडायचं नाही, बारीक तुकडा करायचा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, म्हणजे कवळी डुलत नाही. आधी आंबोळी, मग पोळी, मग काजूगर. स्वतः तुम्हाला त्यातलं काही जमत नव्हतं. पोहता न येणारा माणूस काठावरून पोराला पोहायला शिकवतो, तसा तुमचा तो उद्योग. झग्यासारखे तिचे दात दर दोन-अडीच वर्षांनी अपुरे पडायचे, आणि तुम्ही तिला घेऊन बोटीत बसायचात. बोट लागून तुम्ही ओकत जायचात आणि ओकत यायचात, पण एकदाही चुकवलं नाहीत. यासाठी मी तुमच्या पायांवर डोकं ठेवते. ठेवलंही, पण पाय गार झाल्यावर.

पण दातांबरोबर तुम्ही तिच्या तोंडात कुलूपही बसवलंत. कुणाकडे जेवायला थांबायचं नाही. मैत्रिणीकडे राहायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही, हसू आलंच तर तोंडावर हात. कुणी विचारलं तर आमच्याकडे सोवळं कडक आहे म्हणायचं. सात वर्षांची पोर ओटीवर उभी राहून शेजारच्या काकूला सांगत होती, "आमच्याकडे सोवळं कडक आहे हो." मी पोळी लाटत होते. ते ऐकून लाटणं तसंच राहिलं माझ्या हातात.

आपलं शेवटचं भांडण यावरच झालं. पोर पंधरावं ओलांडून गेली, भाऊजींनी स्थळं बघायला घेतली. तुम्ही म्हणालात, माझ्या वेळी जसं झालं तसंच करायचं, आणि आता तर दातही उत्तम आहेत, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, कळेल. दोन वर्षांनी मांडीवरच्या पोराला दात आले नाहीत की कळेल, आणि तेव्हा तिला तुमच्यासारखा वर्तमानपत्र वर धरणारा नवरा मिळालेला असेल. तुम्ही टोपी घेतलीत. दारातून मागे वळून विचारलंत, "मी आधी सांगितलं असतं, तर तू आली असतीस का?"

मी उत्तर देईपर्यंत तुम्ही पायऱ्या उतरलात. संध्याकाळी भिजून आलात, अंग मोडून आलं म्हणालात, आणि मग तो तापच तुम्हाला घेऊन गेला.

उत्तर आता घ्या. मला कुणी विचारणार नव्हतंच, बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कोण विचारतं? नानांना विचारलं असतंत तर नाना नाही म्हणाले असते. मग कदाचित दुसरा कुणी बत्तीस दातांचा मला मिळाला असता आणि त्यानं तेच दात माझ्यावर खाल्ले असते. किंवा नाना विचार करून हो म्हणाले असते, आणि मी तुमच्या समोर बसून तुम्हाला गुरगुट्या भात वाढला असता, रोज, दार सताड उघडं टाकून. यातलं कुठलं झालं असतं ते मला ठाऊक नाही. ते ठाऊक असण्याची सोयच तुम्ही मायलेकांनी परस्पर उरकून टाकलीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. खाडीच्या भाटीवर ऊन तापलं, भटजी घड्याळ बघायला लागले. हे करू, ते करू, सगळं कबूल करून झालं. शेवटी भाऊजींनी हातात पाणी घेतलं आणि म्हणाले, "मथूचं लग्न वर्षाच्या आत करून देतो रे दादा, तू म्हणत होतास तसंच." म्हणे तेवढ्यात कावळा आला. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा सासूबाई हुंदके देत म्हणाल्या, "जीव अडकला होता हो त्याचा पोरीत." तुमच्या मनातलं मला कधी कळलं नाही, ते कावळ्याला बरं कळलं.

वर्षाच्या आत नाही झालं तर तीन वर्षं थांबायला लागतं, म्हणून घाई. राजापूरचं स्थळ आलं. चांगली माणसं, व्यापारी, मुलगा इंग्रजी शाळेत मास्तर. गेल्या महिन्यात ते बघायला आले. मी विधवा, मी काही पुढे यायचं नव्हतं, माजघराच्या दाराआड उभी होते. मथूनं नाव सांगितलं, वाचून दाखवलं, दोन ओळी म्हणून दाखवल्या. कुठे अडखळली नाही. मग मुलाच्या आत्यानं ताटलीतली नारळाची वडी तिच्यापुढे केली. "घे गो, तूही खा एक आमच्यादेखत. लाजतेस कशास?" वडी कडक झाली होती. मथूनं ती बोटांनी मोडली, बारका तुकडा तोंडात टाकला आणि दोन्ही बाजूंनी सावकाश चावली, तुम्ही शिकवलंत तशी. कुणाच्या बापाला संशय आला नसता. मला तुमचा फार अभिमान वाटला हो त्या वेळी.

मग ती आत्या मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "मुलगी गुणी आहे. आणि बघितलंस ना, उगाच हसत नाही."

तेवढं मला ऐकवलं नाही.

मी पदर पुढे ओढला आणि ओटीवर आले. भाऊजी अर्धे उठले. मी म्हटलं, "उगाच हसत नाही ते तिला हसू दिलेलं नाही म्हणून. मुलीचे दात बसवलेले आहेत. तिला जन्मापासून आले ते चारच. तिच्या वडिलांनाही आले नव्हते, आजोबांनाही नव्हते. पुढे हिच्या मुलाबाळांना येतील की नाही ते देव जाणे. येत नसतील तर बसवता येतात, हिचे तिच्या वडिलांनी बसवून आणले. हे ऐकून करायचं असेल तर करा."

मुलाचे वडील उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि ते जोड्यांकडे वळले. मुलगा खाली बघत होता. त्याची आई तेवढी मथूजवळ थांबली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "दुखतं का गो?" मथूनं मान हलवली. नाही म्हणाली.

आठवडा झाल्यावर मध्यस्थ सांगून गेला, पत्रिका जमत नाही. आता ही गोष्ट राजापुरापासून पावसपर्यंत गेली आहे. सासूबाई म्हणतात, "मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. तुझं तोंड बघणार नाही." भाऊजी म्हणतात, पोरीचा जन्म तू घरात कुजवलास. असेल. त्यांचं खरंही ठरेल. मी काही देव नाही. तुमची जन्मभर झाकलेली गोष्ट मी ओटीवर उभी राहून परक्या माणसांना सांगितली, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. वाईट वाटतं ते एवढ्याचंच की हे तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं, तुम्ही झोपाळ्यावर असताना, आणि तुमच्या हातातलं वर्तमानपत्र मला खाली घ्यायचं होतं.

काल दुपारी मथू माझ्याजवळ तांदूळ निवडायला बसली. रडली नव्हती ती त्या दिवसापासून, आताही रडत नव्हती. खडा बाजूला टाकत तिनं विचारलं, "आई, तात्या असते तर त्यांनीही सांगितलं असतं ना गो?"

मी तिच्याकडे बघितलं. सुपात हात घालून ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

"सांगितलं असतं तर काय," मी म्हटलं. "त्यांचं तसं ठरलंच होतं."

तिचा चेहरा सुटला आणि ती पुन्हा निवडायला लागली. मथूशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. पहिल्यांदा बोलले ते तुमच्यापायी.